9 वर्षांत उभ्या राहिलेल्या पार्थेनॉनची दुरुस्ती 50 वर्षं का चालते?

प्रश्न असा आहे: अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या पार्थेनॉनचं काम इ.स.पू. 447 मध्ये सुरू झालं आणि 438 पर्यंत देऊळ उभंही राहिलं. दर्शनी त्रिकोणांतली शिल्पं 432 पर्यंत पुरी झाली. तेव्हा ना वीज होती ना डिझेल. उलट 1975 मध्ये अक्रोपोलिसच्या जतनासाठी समिती नेमली गेली, आणि त्यानंतरची कित्येक दशकं तिथे कुठे ना कुठे परांची दिसत राहिली. क्रेन, संगणक, लेझर हाताशी असताना एवढा वेळ का? आणि तिथे जायचंच झालं तर नेमकं काय बघावं?

मूळ बांधणाऱ्यांना कोरी जागा आणि कोरा दगड मिळाला होता. आजच्या लोकांना आधी जुनी दुरुस्ती उसवावी लागते, मगच नवी करता येते. त्यांचा बराचसा वेळ अडीच हजार वर्षांच्या झिजेपेक्षा 1898 ते 1933 या काळात घातलेलं लोखंड बाहेर काढण्यात गेला आहे. हे कळायला मूळ बांधणी कशी होती तिथून सुरुवात करावी लागते.

जोत्याचा माथा सुमारे 69.5 मीटर लांब आणि 30.9 मीटर रुंद आहे. बाहेरच्या रांगेत 46 खांब, दर्शनी बाजूंना 8-8 आणि लांब बाजूंना कोपरे धरून 17-17. खांबाची उंची 10.43 मीटर, बुंध्याचा व्यास साधारण 1.9 मीटर. हे खांब एकसंध नाहीत. एकावर एक रचलेल्या 10 ते 12 गोल चिऱ्यांचे, म्हणजे ड्रमचे, ते बनलेले आहेत. खालच्या एका ड्रमचा हिशेब करून बघा: 1.9 मीटर व्यास आणि सुमारे 0.9 मीटर उंची म्हणजे अडीच घनमीटर दगड, वजन 7 टनांच्या आसपास. हा संगमरवर अथेन्सच्या ईशान्येला 16-17 किलोमीटरवर असलेल्या पेंटेली डोंगरातला. त्यात लोहाचा अंश असतो, म्हणून उघड्यावर राहून त्याला मधासारखी पिवळसर झाक येते.

सांध्यांत चुना नाही, कसलाही लगदा नाही. दगडावर दगड, कोरडा. ड्रमच्या माथ्यावर आणि तळाला कडेची पट्टी अगदी तंतोतंत घासलेली, आत भाग किंचित खरबरीत आणि खोल. त्यामुळे भार कुठे टेकणार हे पाथरवटाच्या हातात राहतं आणि सांध्यात केसही शिरत नाही. इतका सपाट पृष्ठभाग मिळवायची युक्ती साधी होती. घासून सपाट केलेल्या पाट्याला काव लावायची, तो दगडावर टेकवायचा, जिथे लाल डाग उमटेल तो उंचवटा टाकीने उतरवायचा, आणि डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हेच चालू ठेवायचं. आजही यंत्रशाळेत निळा रंग लावून पृष्ठभाग जुळवतात, तीच ही रीत. ड्रमच्या मध्यभागी चौकोनी खळगा, त्यात लाकडाचा ठोकळा, आणि त्या ठोकळ्यात दोन ड्रमना एका रेषेत ठेवणारी लाकडी खुंटी. काही सांधे उघडले तेव्हा आतलं लाकूड शाबूत निघालं, कारण इतक्या घट्ट सांध्यात ना हवा जाते ना पाणी.

भिंतीच्या आणि तुळईच्या दगडांना मात्र लोखंड आहे. शेजारच्या दोन दगडांना बांधायला आडव्या इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचे क्लॅम्प, आणि वरच्या थराला खालच्याशी अडकवायला उभे डॉवेल. दगडात खाच कोरायची, त्यात घडीव लोखंड ठेवायचं आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं 327 अंशांना वितळतं, म्हणजे कामाच्या जागी शेगडीवरही जमण्यासारखं. (सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, दगड धरून ठेवायला शिसं वापरायची कल्पना दोन्हीकडे सारखीच.) शिशाचं इथे काम दुहेरी आहे. ते लोखंडाला पाण्यापासून आणि हवेपासून झाकतं, शिवाय मऊ असल्यामुळे भूकंपात दगड हलला तर गादीसारखं दबतं. ज्या सांध्यांना नंतर कुणी हात लावला नाही, तिथलं लोखंड 2,400 वर्षांनीही धड निघालं आहे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचा सगळा घोळ आपोआप उलगडतो.

मोडतोडीचा इतिहास लोकांना बराच माहीत असतो, म्हणून भरभर सांगतो. रोमन काळात मोठी आग लागून छत गेलं. पुढे देवळाचं चर्च झालं, पंधराव्या शतकात तुर्कांनी शहर घेतल्यावर मशीद झाली. 26 सप्टेंबर 1687 रोजी व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी याच्या फौजेचा तोफगोळा आत साठवलेल्या दारूवर पडला आणि मधला भाग दोन्ही बाजूंना उडाला. उत्तरेचे आठ आणि दक्षिणेचे सहा खांब कोसळले, गाभाऱ्याच्या भिंती ढासळल्या. 1801 पासून ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी शिल्पं उतरवली. ती 1816 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. याखेरीज धातूच्या लोभाने सांधे फोडणारे होतेच. दोन दगडांच्या मध्ये ओबडधोबड खड्डा दिसला तर तिथून बहुधा कुणीतरी शिसं आणि लोखंड खणून नेलेलं असतं.

1894 च्या भूकंपानंतर निकोलाओस बालानोस या अभियंत्याकडे काम आलं. 1898 ते 1902 आणि मग 1922 ते 1933 असं दोन टप्प्यांत ते झालं, आणि उत्तरेची पडलेली खांबांची रांग त्यानेच पुन्हा उभी केली. आज जगभर पार्थेनॉनचं जे रूप ओळखीचं आहे, त्यातला मोठा वाटा त्याचा. माणूस मेहनती होता, आणि लोखंडावरचा विश्वास हा त्या काळाचाच विश्वास होता. पण तीन चुका महागात पडल्या.

पहिली म्हणजे शिसं नाही. क्लॅम्प आणि सळया त्याने थेट सिमेंटमध्ये बसवल्या. दुसरी, तुटलेल्या तुळया सांधताना आत लोखंडी तुळ्या बसवायला जुन्याच दगडात लांब चर कोरले, आणि तुटलेले वाकडेतिकडे पृष्ठभाग तासून सपाट केले, म्हणजे नवा तुकडा लावणं सोपं जाईल. तिसरी, पडलेले दगड मूळ जागी जातात की नाही याची फारशी पर्वा न करता जिथे आकाराने बसले तिथे बसवले.

पहिल्या चुकीने दगड फुटले. लोखंड गंजलं की गंजाचा थर मूळ धातूच्या दोन ते सहा पट जागा मागतो. खाच तर पक्की बंद. मग दाब बाहेरच्या बाजूला येतो, आणि संगमरवर दाब जितका सहज पेलतो तितका ताण पेलत नाही. आधी केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पाणी आत जातं, गंज वाढतो, चीर रुंदावते आणि एक दिवस कोपरा सुटून खाली येतो. उन्हाचा भाग वेगळाच. एक मीटर लांब लोखंडी सळई तापमान 40 अंशांनी वाढलं की जवळपास अर्धा मिलिमीटर वाढते. संगमरवर तेवढा वाढत नाही, आणि रोजच्या ताणाताणीत सिमेंट सैल होतं. बालानोसचं काम काही दशकांतच फुटू लागलं, आणि ज्या सांध्यांना त्याने हात लावला नव्हता ते मात्र तसेच राहिले.

तिसरी चूक किती मोठी आहे हे या इमारतीची वक्रता समजल्याशिवाय कळत नाही. जोतं सपाट नाही. ते मध्यभागी फुगलेलं आहे, दर्शनी बाजूला सुमारे 6 सेंटिमीटर आणि लांब बाजूला सुमारे 11. ही फुगवटी खांबांवरून वर तुळईपर्यंत जाते. खांब किंचित आत झुकलेले आहेत, माथ्याशी साधारण 7 सेंटिमीटर. कोपऱ्याचे खांब बाकीच्यांपेक्षा थोडे जाड. खांबाचा बुंधा ते माथा ही रेषही सरळ नाही, तिला हलका फुगीरपणा आहे. खांब झुकलेला म्हणजे सगळ्यात खालचा ड्रम एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटका. तिरकेपणा तिथेच भरून काढलेला आहे. परिणाम असा की वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन दगडांत काही मिलिमीटरचा फरक असतो. दुसऱ्याच्या जागी बसवला की सांधा एका कडेवर टेकतो, सगळा भार त्या कडेवर येतो आणि कड उडते. लेगोच्या ठोकळ्यांसारखी अदलाबदल इथे चालत नाही.

(वक्रता कशासाठी, यावर गाइड मंडळी ‘डोळ्यांना सरळ दिसावं म्हणून’ असं ठासून सांगतात. रोमन काळात वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसनेही तसंच लिहिलं आहे. पावसाचं पाणी वाहून जावं हा सरळ उपयोग मात्र ते सहसा सांगत नाहीत. आणि पार्थेनॉन सुवर्णगुणोत्तरात (1:1.618) बांधलं ही गोष्ट तर सोडूनच द्या. प्रत्यक्ष मापांत वारंवार सापडतं ते 4:9. जोत्याची रुंदी आणि लांबी घ्या, किंवा खांबाचा व्यास आणि दोन खांबांच्या मध्यांतलं अंतर.)

तर प्रत्येक दगडाला पत्ता आहे, आणि तो शोधणं हे या कामातलं सगळ्यात चिवट काम. सुगावे दगडावरच असतात. क्लॅम्पची अर्धी खाच शेजारच्या दगडावरच्या अर्ध्या खाचेशी जुळली पाहिजे. डॉवेलचं भोक वरच्या थरातल्या भोकाशी जुळलं पाहिजे. दगड जागेवर सरकवताना पहार अडकवण्यासाठी जी छोटी खाच करत, तिच्यावरून रचाई कोणत्या दिशेने चालली होती ते कळतं. कडांची उंची चारही कोपऱ्यांत मोजली की वक्रतेच्या हिशेबाने तो दगड रांगेत साधारण कुठे होता ते निघतं. एका अंगाची झीज जास्त असेल तर ते अंग वाऱ्यापावसाकडे होतं. मानोलिस कोरेस या वास्तुविशारदाने अशा खुणांवरून जमिनीवर विखुरलेल्या आणि चुकीच्या जागी बसलेल्या दगडांचे मूळ पत्ते लावले. कित्येक दगड त्यानंतर एका जागेवरून काढून दुसरीकडे न्यावे लागले, म्हणजे उभी रांग आधी उतरवणं आलंच.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते.

उतरवण्याआधी प्रत्येक दगडाला क्रमांक देतात. त्याची मोजमापं, रेखाटन आणि फोटो घेतात, भेगा कुठे आहेत त्याची नोंद ठेवतात. मग वरून खाली एकेक चिरा क्रेनने उचलायचा. गंजलेल्या क्लॅम्पने दोन दगड एकमेकांना चिकटून बसलेले असतील तर सांध्यातून पातळ पात्याने लोखंड कापावं लागतं; ओढाताण केली तर फुटलेला भाग निखळतो. देवळाच्या आत उभी असलेली मुख्य क्रेन खास याच जागेसाठी केलेली आहे. काम नसताना तिचा दांडा घडी होऊन खांबांच्या आड राहतो, म्हणजे दुरून टेकडीची रेषा बिघडत नाही.

खाली आणलेल्या दगडातून जुनं लोखंड आणि सिमेंट काढणं ही पाथरवटाची परीक्षा. सिमेंट कधीकधी संगमरवराइतकंच कडक असतं आणि दगडाला चिकटून बसलेलं असतं. बारीक छिन्नीने, सळईभोवती छोटी भोकं पाडत, सिमेंट सुटेपर्यंत थोडं थोडं खायचं. घाई केली की सिमेंटसोबत मूळ दगडाची कपची येते, आणि ती कपची म्हणजे पुराव्याचा तुकडा. एका दगडाला दिवसच्या दिवस लागतात ते इथे.

दगडाचे तुकडे झाले असतील तर ते आधी कोरडे जुळवून बघतात. मग दोन्ही अंगांना समोरासमोर येतील अशी भोकं पाडतात, त्यांत आटे पाडलेल्या टायटॅनियमच्या सळया घालतात आणि पांढऱ्या पोर्टलंड सिमेंटने सांधा बंद करतात. टायटॅनियमच का? ते गंजत नाही, हे झालंच. उन्हाने होणारी वाढही लोखंडापेक्षा कमी आहे: वर सांगितलेल्या एक मीटर सळईला 40 अंशांत अर्ध्याऐवजी एकतृतीयांश मिलिमीटर, म्हणजे संगमरवराच्या जवळ. वजन लोखंडाच्या सुमारे 57 टक्के. ताठपणा पोलादाच्या जवळपास निम्मा, म्हणजे ते दगडाशी कमी झगडतं. आणि मिश्रधातू न वापरता शुद्ध टायटॅनियम घेतात, कारण ते जास्त लवचीक असतं आणि इथे ताकदीपेक्षा वाकणं हवं असतं.

संपूर्ण योजनेतला सगळ्यात शहाणा निर्णय माझ्या मते हाच. सळयांची संख्या आणि जाडी ठरवताना ‘जितकी जास्त तितकी बरी’ असा विचार करत नाहीत. भूकंपात काहीतरी तुटणारच असेल तर धातू आधी वाकावा आणि दगड वाचावा, असा हिशेब मांडतात. म्हणून दोन दगडांना जोडणाऱ्या क्लॅम्पची मधली मान मुद्दाम बारीक ठेवतात. ताण आला की ती मान ताणली जाते. क्लॅम्प नवा करता येतो, पार्थेनॉनच्या शिल्पकाराच्या, फिडियसच्या, काळातला चिरा नाही. नवशिका अभियंता बरोबर उलटं करतो. तो भक्कम सळया भरतो, आणि पुढच्या धक्क्यात सळईच्या टोकाशी दगड फुटतो.

तुकडा हरवलेला असेल तर नवा संगमरवर लागतो. तो पेंटेलीच्याच डोंगरातून, दियोनिसोसच्या खाणीतून आणतात. इथे बालानोसच्या दुसऱ्या चुकीचं उत्तर मिळतं. जुना तुटलेला पृष्ठभाग जसाच्या तसा ठेवायचा, आणि नव्या दगडाला त्याचा उलटा आकार द्यायचा. आधी तुटलेल्या भागाचा प्लास्टरचा साचा काढतात. बिंदू हस्तांतरित करणाऱ्या यंत्राने साच्यावरचा एकेक बिंदू नव्या दगडावर उतरवतात, आणि शेवटचा हात पाथरवट देतो. जुळणी इतकी घट्ट होते की सिमेंटचा थर नावालाच उरतो. संपूर्ण नवा ड्रम करायचा झाला तर त्यावरच्या 20 उभ्या पन्हळी हातानेच कोरतात, आणि त्यात महिने जातात. पन्हळींच्या मधली धार शेवटी शेवटी सुटली तर महिन्यांचं काम वाया. प्राचीन कारागिरांनी हा धोका ओळखून पन्हळी खांब उभा केल्यावर कोरल्या होत्या. आधी फक्त सगळ्यात खालच्या आणि वरच्या टोकाला सुरुवात करून ठेवत, म्हणजे खुणा मिळत. रचताना ठोकर लागून धार उडायचा प्रश्नच येत नव्हता.

जुना पृष्ठभाग न तासल्यामुळे आजचं काम परत उलगडता येतं. नवा तुकडा काढला तर जुना दगड होता तसा मिळतो. जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने घालून दिलेली शिस्त ती हीच: उरलेले मूळ भाग जागेवर लावा, अंदाजाने काही रचू नका, आणि नवं ते नवं दिसू द्या. आपल्याकडे किल्ल्यांच्या आणि देवळांच्या चुन्याच्या दरजांत सिमेंट कोंबलेलं दिसतं, तेही याच मापाने तपासावं. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि पाणी न सोडणारं, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडायला दगडाचीच वाट धरते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. शिवाय ते काढायला गेलं की कडा घेऊन निघतं.

हवेचा त्रास हा वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगतो. धुरातल्या गंधकामुळे संगमरवराचा पृष्ठभाग जिप्सममध्ये बदलतो. पाऊस पडतो तिथे तो धुऊन जातो आणि शिल्पाची नाकं-डोळे बोथट होतात. आडोशाला काजळी धरून काळा थर जमतो. अक्रोपोलिसवरच्याच एरेक्थिऑन देवळाच्या स्त्रीरूपी खांबांना 1979 मध्ये आत नेऊन जागी प्रतिकृती उभ्या केल्या त्या याचसाठी. काळा थर काढायला पार्थेनॉनच्या पश्चिमेच्या शिल्पपट्टीवर दोन प्रकारचा लेझर एकाच वेळी वापरला, अवरक्त आणि अतिनील. नुसत्या अवरक्तने दगडाला पिवळट छटा येते, नुसत्या अतिनीलने राखाडी. दोन्हींचं प्रमाण जमलं की मूळ पृष्ठभाग तसाच राहतो.

किती पुन्हा उभारायचं यावर वाद आहे आणि राहील. गाभाऱ्याच्या भिंतींचे बरेच दगड सापडले आहेत, ते लावणं मला रास्त वाटतं. छत घालणं मात्र नाही. पुरावा संपला की थांबावं.

आता बघायला जाणाऱ्यांसाठी. सप्टेंबर 2023 पासून अक्रोपोलिसवर दिवसाला 20,000 लोकांची मर्यादा आहे आणि तिकीट तासाच्या खिडकीनुसार मिळतं, तेव्हा आधीच काढून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट आली तर दुपारी बंद ठेवतात. सकाळची पहिली वेळ घ्या. गुळगुळीत झालेल्या संगमरवरावरून पाय घसरतो, रबरी तळाचे बूट हवेत.

पायऱ्यांवर चढायला बंदी आहे, पण वक्रता बघायला चढावं लागत नाही. कोपऱ्याशी उभं राहून वाका, डोळे पायरीच्या कडेच्या पातळीला आणा आणि कडेवरून दुसऱ्या टोकाकडे बघा. मधे उंचवटा आलेला दिसेल. लांब बाजूला जास्त स्पष्ट. मग खांबांकडे या. मधाळ दगडात पांढरे ठिगळ दिसतील, ते दियोनिसोसचे. ठिगळाची कड वाकडीतिकडी असेल तर काम अलीकडचं. कड पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर तिथे कधीतरी जुना दगड तासला गेला आहे. जमिनीवर मांडून ठेवलेल्या चिऱ्यांकडे बहुतेक जण पाठ करून फोटो काढतात. त्याच चिऱ्यांवर क्लॅम्पच्या खाचा, पहारीच्या खाचा आणि चौकोनी खळगे अगदी हाताच्या अंतरावरून दिसतात.

टेकडी उतरल्यावर प्लाका भागातून वर उत्तरेच्या तटबंदीकडे नजर टाका. तटात खांबांचे ड्रम चिणलेले दिसतात. इ.स.पू. 480 मध्ये पर्शियन फौजेने शहर जाळलं तेव्हा याच जागी आधीच्या पार्थेनॉनचं बांधकाम अर्धवट होतं, त्याचे ते ड्रम. त्यांच्यावर पन्हळी नाहीत, कारण खांब उभे राहायच्या आतच काम थांबलं होतं.

पायथ्याचं 2009 मध्ये उघडलेलं संग्रहालय शेवटी ठेवा. त्याचा वरचा मजला पार्थेनॉनला समांतर फिरवलेला आहे आणि तिथे मूळ 160 मीटरची शिल्पपट्टी क्रमाने लावली आहे. मधाळ रंगाचे तुकडे अथेन्समधले अस्सल, आणि पांढरेफटक प्लास्टरचे म्हणजे ज्यांचे मूळ बाहेर, मुख्यतः लंडनला, आहेत ते.